सुपरमॅन आधी फक्त उडी मारायचा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. कॉमिक्समधले सुपरहिरो खऱ्याखुऱ्या माणसांवरून बेतलेले असतात का? आणि सिनेमात आल्यावर त्यांचे कपडे, शक्ती, जन्मकथा हे सगळं का बदलतं, ती मूळ पात्राची मोडतोड समजायची का? मी 25 वर्षांहून जास्त काळ स्टोरीबोर्ड, म्हणजे सिनेमातले प्रसंग आधी कागदावर मांडणारी चित्रं, काढतोय. त्याआधी कॉमिक्सच्या पानांचं इंकिंग, म्हणजे पेन्सिलच्या रेषांवर शाई फिरवायचं काम, करायचो, आता शिकवतोही. त्यामुळे हे उत्तर पेन्सिल हातात धरणाऱ्याच्या बाजूने आहे.

आधी मत सांगतो, मग दाखले देतो. खरी माणसं असतात. पण तोंडवळा एखाद्या नटाचा असला तरी आतला जीव बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचा किंवा काढणाऱ्याचा स्वतःचा असतो. त्याचं घर, त्याची गल्ली, त्याच्या मनात सलणारी गोष्ट, हे सगळं त्यात उतरतं. पडद्यावरचे बरेचसे बदल मात्र अडचणीपोटी होतात. आणि त्या अडचणीतून निघालेली युक्ती पुढे कॉमिक्समध्ये परत येते, दहा-वीस वर्षं तिथे मुरते, आणि मग तीच 'मूळ' म्हणून ओळखली जाते.

सुपरमॅनपासून सुरुवात करू, कारण वाट त्यानेच पाडली. जेरी सिगेल आणि जो शूस्टर ही क्लीव्हलँडच्या ग्लेनव्हिल हायस्कूलमधली दोन पोरं. दोघंही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली, चष्मेवाली, बुजरी. काळ महामंदीचा. शूस्टरला चित्राचा कागद परवडायचा नाही, म्हणून तो पुड्यांचा तपकिरी कागद, वॉलपेपरची मागची बाजू, जे हाताला लागेल त्यावर काढायचा. जानेवारी 1933 मध्ये त्यांनी स्वतःच काढलेल्या सायक्लोस्टाइल अंकात 'सुपरमॅन' हे नाव पहिल्यांदा वापरलं, पण तो सुपरमॅन एक टकला खलनायक होता. आपण ओळखतो तो सुपरमॅन जून 1938 ची तारीख असलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला. मधली पाच वर्षं नकार पचवण्यात गेली.

आता त्यात खरी माणसं किती ते पाहा. क्लार्क केंट हे सुपरमॅनचं चारचौघांतलं नाव क्लार्क गेबल आणि केंट टेलर या दोन नटांच्या नावांतून जुळवलेलं. पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून उभं राहायची ढब डग्लस फेअरबँक्सच्या मूकपटांतली. गोल चष्म्याचा, गडबडून जाणारा क्लार्क मूकपटांतल्या विनोदी नटाकडून, हॅरॉल्ड लॉइडकडून आलेला. अंगाला चिकटलेला पोशाख आणि वरून चड्डी हा सर्कशीतल्या पैलवानांचा वेश, ज्यावर आज लोक हसतात. तेव्हाच्या वाचकाला मात्र ती चड्डी दिसली की कळायचं, हा ताकदीचे खेळ करणारा गडी आहे. क्लार्कच्या वर्तमानपत्राचं नाव आधी 'डेली स्टार' होतं, कारण शूस्टर लहानपणी टोरांटोत 'टोरांटो डेली स्टार' हे वर्तमानपत्र विकायचा. क्लार्कची सहकारी पत्रकार लोइस लेन हिच्या चित्रासाठी तर प्रत्यक्ष मॉडेल होती. जोॲन नावाच्या एका शाळकरी मुलीने मॉडेलिंगचं काम हवं म्हणून वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली होती. ती शूस्टरच्या घरी पोझ द्यायला आली आणि 1948 मध्ये तिचं सिगेलशी लग्न झालं.

याहून खोल जाणारी एक गोष्ट आहे. सिगेलच्या वडिलांचं क्लीव्हलँडमध्ये जुन्या कपड्यांचं दुकान होतं. 2 जून 1932 च्या रात्री दुकानात चोर शिरले, त्या प्रसंगात वडील कोसळले आणि गेले. मृत्यू हृदयविकाराने झाला. त्यानंतर काही वर्षांच्या आत त्यांच्या मुलाने एक असा माणूस कल्पिला, ज्याला बंदुकीची गोळी लागत नाही आणि जो दुबळ्यांच्या हाकेला वेळेवर पोहोचतो. सिगेलने स्वतः हा धागा जाहीरपणे कधी जोडला नाही, म्हणून मीही तो सिद्ध झाल्यासारखा सांगणार नाही. पण पहिल्याच अंकात सुपरमॅन काय करतो ते पाहा. मृत्युदंड झालेल्या निरपराध बाईला वाचवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो, आणि खासदाराला हाताशी धरणाऱ्या दलालाला धडा शिकवतो. परग्रहावरचा राक्षस नाही, जगबुडी नाही. ज्या वस्तीत पोलीस वेळेवर येत नाहीत, तिथल्या मुलाने पाहिलेलं हे स्वप्न आहे.

त्याच अंकात त्याच्या शक्तीची मापंही दिली आहेत. उडी एक अष्टमांश मैलाची, म्हणजे साधारण 200 मीटर. 20 मजली इमारत ओलांडू शकतो. आगगाडीपेक्षा वेगाने धावतो. उडणं त्या यादीत नाही.

इथे मी मुलांना एक सराव देतो. एका माणसाची इमारतीवरून मारलेली उडी चार चौकटींत काढा. सगळे छान काढतात: पहिल्या चौकटीत गुडघे वाकलेले, दुसरीत अंग ताणलेलं, तिसरीत तो वर आणि केप मागे फडफडतेय, चौथीत पलीकडे पाय टेकताना. मग सांगतो, आता हेच सेकंदाला 24 चित्रांच्या हिशोबाने हलवा. तासाभरात चेहरे पडतात. 200 मीटरची उडी म्हणजे माणूस बराच वेळ हवेत. त्या वेळात तो काय करणार? दिशा बदलू शकत नाही, थांबू शकत नाही, खाली येऊन परत उसळतो. दोन-तीन उड्या लागोपाठ दाखवल्या की ताकदवान नायकाचा टोळ होतो. छापील पानावर दोन चौकटींमधली पांढरी पट्टी हा सगळा वेळ गिळून टाकते. पडद्यावर ती पट्टीच नसते.

फ्लायशर स्टुडिओने 1941 मध्ये सुपरमॅनची कार्टून्स सुरू केली, तेव्हा त्यांच्यापुढे नेमकं हेच उभं राहिलं. उड्यांचं हळूहळू उड्डाण झालं. रेडिओने त्याची तयारी आधीच केली होती. फेब्रुवारी 1940 पासून चालू असलेल्या मालिकेत वाऱ्याचा सूं आवाज आला की ऐकणाऱ्याच्या मनात तो उडतच असायचा. मग कॉमिक्सही त्याच वाटेने गेली. आज आपण ज्याला सुपरमॅनची ओळख म्हणतो, ते ॲनिमेशन करणाऱ्यांच्या आणि आवाजाचे परिणाम देणाऱ्यांच्या अडचणीवरचं उत्तर आहे.

रेडिओचं देणं एवढ्यावर संपत नाही. क्रिप्टोनाइट, म्हणजे त्याला लुळा करणारा तो दगड, 1943 मध्ये रेडिओवर आधी आला आणि कॉमिक्समध्ये 1949 ला. सिगेलने 1940 मध्येच अशा धातूची एक गोष्ट लिहिली होती, पण ती छापली गेली नाही. रेडिओला त्याचा एक व्यवहारी उपयोगही सापडला. सुपरमॅनचा आवाज असलेल्या बड कॉलियरला सुट्टी हवी असली की सुपरमॅन क्रिप्टोनाइटने आजारी पडायचा, आणि दुसरा कुणीतरी माइकपुढे कण्हायचा. जिमी ओल्सन आणि संपादक पेरी व्हाइट हीसुद्धा रेडिओचीच माणसं. कारण सोपं आहे: कॉमिक्समध्ये नायकाच्या मनातलं ढगाच्या आकाराच्या फुग्यात लिहिता येतं, रेडिओवर त्याला बोलायला कुणीतरी समोर लागतं.

खऱ्या माणसाला उडवणं हे वेगळंच काम. 1948 च्या मालिकेत आधी तारांनी लटकवून पाहिलं. तारा दिसायला लागल्या म्हणून उडायची वेळ आली की कर्क ॲलिनच्या जागी चक्क काढलेलं कार्टून दाखवलं गेलं. हा प्रश्न खऱ्या अर्थाने 1978 ला सुटला. झोरान पेरिसिच यांनी प्रोजेक्टर आणि कॅमेरा दोघांना झूम लेन्स लावून त्या एकाच वेळी हलवायची पद्धत काढली. मागचं दृश्य तेवढंच राहायचं आणि तारांवरचा नट मात्र आपल्या अंगावर झेपावल्यासारखा वाटायचा. पण माझ्या मते अर्धं श्रेय ख्रिस्तोफर रीव्हच्या शरीराला आहे. तो स्वतः विमान आणि ग्लायडर चालवायचा. तुकडा थांबवून थांबवून पाहा: वळायच्या आधी त्याचा खांदा झुकतो, मग कंबर, मग पाय. ग्लायडर असाच वळतो. स्टोरीबोर्डमध्ये हे काढून देता येत नाही, नटाच्या अंगातच असावं लागतं.

त्याच सिनेमात एक छोटा प्रसंग आहे, जो मी दर वर्षी वर्गात दाखवतो. लोइसच्या घरात क्लार्क एकटा उभा आहे, ती आतल्या खोलीत. तो चष्मा काढतो, पाठ ताठ होते, खांदे रुंदावतात, आवाज खाली उतरतो. खरं सांगून टाकायचं त्याच्या ओठांवर आलंय. ती येते, आणि पुन्हा खांदे पडतात, चष्मा डोळ्यांवर चढतो. ना मेकअप बदलला, ना कपडे. 'चष्मा लावला की कुणी ओळखत नाही हे कसं शक्य आहे' या जुन्या प्रश्नाला एवढं चोख उत्तर मी कागदावर कधी पाहिलं नाही. छातीवरच्या 'एस'चा अर्थही याच सिनेमाने बदलला. आधी तो निव्वळ सुपरमॅनचं आद्याक्षर होता. इथे सुपरमॅनच्या वडिलांचं काम करणाऱ्या मार्लन ब्रँडोच्या छातीवर तो दिसला आणि क्रिप्टन या त्यांच्या ग्रहावरच्या घराण्याचं चिन्ह झाला. पुढे कॉमिक्सनेही तेच धरलं.

आता मुखवट्याकडे येतो, कारण माझ्या कामात सर्वांत जास्त डोकं त्याने खाल्लंय.

इंद्रजाल कॉमिक्स वाचून मोठी झालेली पिढी वेताळाला विसरणार नाही. ली फॉकचा हा फँटम 1936 चा, सुपरमॅनच्याही आधीचा. अंगाला घट्ट चिकटलेला पोशाख आणि बुबुळं नसलेले पांढरे डोळे ही खूण तिथून सुरू झाली. ग्रीक पुतळ्यांच्या डोळ्यांत बुबुळं दिसत नाहीत, तिथून ही कल्पना आल्याचं फॉक सांगत. आपल्याकडे 1964 पासून टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने मुंबईहून इंद्रजाल काढलं, तेव्हा मूळ कथेतलं 'बंगाली' नावाशी जुळणारं जंगल बदलून 'डेंकाली' केलं आणि 'सिंग' नावाच्या चाच्यांचे 'सिंगा' झाले. का ते उघड आहे: भारतीय वाचकाला बंगाल आणि सिंग ही नावं चाच्यांच्या गोष्टीत खटकली असती. रूपांतर फक्त सिनेमावाले करतात असं नाही, हे यावरून लक्षात यावं.

कागदावर पांढरे डोळे हे वरदान आहे. एक रेषा तिरकी केली की राग, रुंद केली की आश्चर्य. बॅटमॅन, स्पायडरमॅन, सगळे त्यावर जगले. कॅमेऱ्यासमोर मात्र नटाचं अर्धं काम डोळ्यांत असतं, आणि ते झाकले तर उरतो फक्त रबर. म्हणून सिनेमातल्या बॅटमॅनचे डोळे उघडे आणि भोवती काळा रंग. 2008 च्या सिनेमात शेवटाकडे यंत्रातून पाहताना त्याचे डोळे पांढरे होतात, तेवढेच. स्पायडरमॅनच्या सिनेमांत मुखवटा सतत का फाटतो, ऐन मारामारीत तो उतरून हातात का येतो, याचं उत्तरही हेच: दिग्दर्शकाला नटाचा चेहरा हवा असतो. 2016 पासून त्याच्या मुखवट्याच्या डोळ्यांना कॅमेऱ्याच्या शटरसारखी झडप दिली, आणि कागदावरचे आकुंचणारे-रुंदावणारे डोळे पडद्यावर आले. सर्वांत देखणा तोडगा आयर्न मॅनचा. हेल्मेट बंद झालं की कॅमेराच आत जातो, आणि रॉबर्ट डाउनी ज्युनिअरचा चेहरा निळसर अक्षरांच्या उजेडात दिसतो. ही चौकट पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नव्हतो. 70 वर्षांची अडचण कुणीतरी कॅमेरा एक फूट पुढे सरकवून सोडवली होती.

रंगांबद्दल थोडक्यात सांगतो. हल्क मे 1962 च्या पहिल्या अंकात राखाडी होता. स्वस्त कागदावर राखाडी रंग दर पानावर वेगळा उतरला, म्हणून पुढच्या अंकात हिरवा केला. एवढंच कारण. बॅटमॅनच्या केपचा निळा हा काळ्यावरची चकाकी दाखवायची छपाईची रीत होती, पुढे तोच त्याचा रंग ठरला. म्हणून सिनेमाने बॅटमॅनला काळा केला तेव्हा तो रंग बदलला असं मी म्हणणार नाही. शाईने जे सुचवायचं होतं ते रबराने सरळ दाखवलं.

त्या रबराची गोष्ट ऐका. 1989 च्या बॅटमॅनचा मुखवटा खांद्यापर्यंत अखंड होता, मायकल कीटनला मान वळवताच येत नव्हती. बाजूला पाहायचं तर छातीसकट वळायचं. त्याने ते लपवलं नाही, त्याचीच लकब केली. पुतळा फिरावा तसं ते सावकाश वळणं भीतीदायक दिसलं, आणि लोकांना वाटलं बॅटमॅन असाच असतो. याच्याही आधी, 1943 च्या सिनेमा मालिकेत, जमिनीखालची गुहा आणि घड्याळामागचा गुप्त दरवाजा आला. कॉमिक्सने तो लगेच उचलला. बॅटमॅनचा नोकर आल्फ्रेड कॉमिक्समध्ये जाडा आणि बिनमिशीचा होता; मालिकेतला नट किडकिडीत आणि मिशाळ, म्हणून कॉमिक्समधल्या आल्फ्रेडला वजन कमी करावं लागलं.

मग बॅटमॅनमागे खरा माणूस कोण? सुपरमॅन गाजल्यावर प्रकाशकाला दुसरा नायक हवा होता. बॉब केनने काढलेलं पहिलं चित्र असं होतं: लाल पोशाख, डोळ्यांवर छोटी पट्टी, पाठीला ताठ पंख. त्याने ते बिल फिंगर नावाच्या मित्राला दाखवलं. फिंगरने सांगितलं, डोकं झाकणारा, टोकदार कानांचा मुखवटा दे, पंखांऐवजी केप दे, हातमोजे घाल, लाल काढून राखाडी कर. ब्रूस वेन हे नावही त्याचंच: ब्रूस स्कॉटलंडच्या रॉबर्ट द ब्रूसवरून, वेन अमेरिकी क्रांतीतल्या अँथनी वेनवरून. मे 1939 च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या 27 व्या अंकातली पहिली गोष्ट फिंगरने लिहिली. जोकरचं हसू 1928 च्या एका मूकपटातल्या कॉनराड व्हाइटच्या चेहऱ्यावरून आलं, पण तोंडवळ्याला 'मूळ' म्हणायची घाई करू नका. चेहरा उसना घेता येतो. त्या चेहऱ्याने काय करायचं हे ज्याने ठरवलं, तो फिंगर. त्याच्याकडे मी शेवटी परत येतो.

वंडर वुमन हे या प्रश्नाचं सर्वांत समृद्ध उदाहरण आहे, आणि तिच्याबद्दल लोकांना सर्वांत कमी माहिती असते. तिचा लेखक विल्यम मौल्टन मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता. खोटं बोलताना रक्तदाब वाढतो, यावर त्याने हार्वर्डमध्ये प्रयोग केले, आणि तोच धागा पुढे लाय डिटेक्टरमध्ये गेला. भावना चाळवल्या की रक्तदाब चढतो, हे त्याच्या बायकोच्या, एलिझाबेथच्या बोलण्यातून सुचलं असं सांगतात. घरात तिसरी व्यक्ती होती, ऑलिव्ह बर्न. तिघं आणि त्यांची मुलं एकाच छताखाली राहत. ऑलिव्ह मनगटांत रुंद कडी घालायची. वंडर वुमन ज्या कड्यांवर गोळ्या अडवते ती हीच. ऑलिव्हची मावशी मार्गारेट सँगर, संततिनियमनाच्या अमेरिकी चळवळीची अग्रणी. 1940 मध्ये ऑलिव्हने टोपणनावाने एका मासिकात मार्स्टनची मुलाखत छापली, जणू काही ती परक्या तज्ज्ञाला भेटायला गेली होती. तीच वाचून कॉमिक्सच्या प्रकाशकाने मार्स्टनला सल्लागार नेमलं, आणि 1941 च्या अखेरीस वंडर वुमन आली. नायक बाई असू दे, हे एलिझाबेथचं सांगणं.

तिच्या दोराबद्दल एक दुरुस्ती. तो 'सत्याचा दोर' म्हणून प्रसिद्ध आहे, पण मार्स्टनच्या कथांत त्यात बांधलेल्याला आज्ञा पाळावी लागायची. खरं बोलणं हा त्यातला एक भाग. पुढे तो फक्त सत्यापुरता उरला. लाय डिटेक्टरवाल्या माणसाची गोष्ट म्हणून ते ऐकायला छान वाटतं, त्यामुळे सगळे तेच सांगतात. मार्स्टन 1947 ला गेला आणि तिची धार गेली. 1968 नंतर काही वर्षं तर तिच्या शक्ती आणि पोशाख दोन्ही काढून घेतले होते. 1972 मध्ये स्त्रीवादी 'मिझ' मासिकाने तिला मुखपृष्ठावर उभं केलं. 1975 पासूनच्या टीव्ही मालिकेत लिंडा कार्टरने गिरकी घेऊन रूप बदलायची कल्पना सुचवली. कपडे बदलण्याचा वेळखाऊ प्रसंग एका गिरकीत संपला, आणि शाळेच्या मैदानावर मुली तशा गिरक्या घेऊ लागल्या. 2017 च्या सिनेमात पॅटी जेन्किन्सने तिला दुसऱ्या महायुद्धातून पहिल्या महायुद्धात नेलं. या बदलावर मी आधी नाराज होतो. पण खंदक ओलांडायचा प्रसंग पाहिला आणि पटलं. समोरून मशीनगनचा मारा, आणि ती एक-एक पाऊल पुढे टाकत कड्यांवर, मग ढालीवर तो झेलते. ऑलिव्हच्या मनगटातल्या दागिन्याचा त्याहून मोठा वापर मला माहीत नाही.

आयर्न मॅनच्या बाबतीत खरा माणूस उघडपणे सांगितलेला आहे. त्याच्या निर्मात्यांपैकी एक, स्टॅन ली यांनी हॉवर्ड ह्यूजचं नाव अनेकदा घेतलं: विमानं बांधणारा, सिनेमे काढणारा, श्रीमंत आणि विक्षिप्त. मार्च 1963 च्या गोष्टीत टोनी स्टार्क व्हिएतनाममध्ये जखमी होतो आणि काळजाजवळ लोखंडाचे तुकडे घेऊन पकडला जातो. 2008 च्या सिनेमाने व्हिएतनामचं अफगाणिस्तान केलं, त्याचं श्रेय सगळे सिनेमाला देतात. पण 2005 मध्ये सुरू झालेल्या वॉरन एलिस आणि आदी ग्रानॉव्ह यांच्या कॉमिक्समध्येच तो बदल झाला होता, आणि ग्रानॉव्ह पुढे सिनेमाच्या चिलखताच्या डिझाइनवरही होता. बदल इतका सहज बसला, कारण कथेचा कणा जागेत नव्हता: शस्त्र विकणारा माणूस शस्त्रानेच घायाळ होतो. युद्ध बदललं तरी हा कणा मोडत नाही. रूपांतर करायला बसलो की मी आधी हेच शोधतो, नेमकं काय काढलं की गोष्ट कोसळेल. त्याशिवायचं सगळं बदलायला मोकळं.

खरा माणूस आणि पडदा यांचा सर्वांत विलक्षण फेरा निक फ्युरीचा आहे. 1960 च्या दशकातला फ्युरी गोरा, खुरट्या दाढीचा सैनिक. 2002 च्या कॉमिक्समध्ये ब्रायन हिचने त्याला सरळसरळ सॅम्युअल जॅक्सनच्या चेहऱ्याने काढलं. जॅक्सन स्वतः कॉमिक्स वाचणारा. त्याला आपला चेहरा दिसला, आणि 2008 मध्ये तोच माणूस तोच चेहरा घेऊन पडद्यावर आला. इथे मूळ कोण आणि नक्कल कोण?

कॅप्टन अमेरिकाचं थोडक्यात. त्याचे निर्माते जो सायमन आणि जॅक किर्बी, दोघंही ज्यू. पहिल्याच मुखपृष्ठावर कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो, आणि तो अंक डिसेंबर 1940 मध्ये विक्रीला आला. पर्ल हार्बरला तेव्हा एक वर्ष होतं, अमेरिका युद्धात नव्हती. दोघांना धमक्या आल्या. 2011 च्या सिनेमाने ते मुखपृष्ठ फेकलं नाही, त्याचं नाटक केलं: स्टीव्ह रॉजर्स रंगमंचावर रोज एका नकली हिटलरला ठोसा मारतो आणि मनातून खजील होत जातो. किर्बी स्वतः 1944 मध्ये नॉर्मंडीला उतरला होता. कागदावरचा ठोसा आणि खरी लढाई यांतलं अंतर त्याला पुरेपूर माहीत होतं, म्हणून मला तो प्रसंग त्याच्याशी इमान राखणारा वाटतो.

तुम्ही 'अमुक पात्र तमुक माणसावरून घेतलं' असं कुठे वाचलंत तर एक पाहा: ते निर्मात्याने स्वतः सांगितलंय की नंतरच्या वाचकांनी जोडलंय. 'एक्स-मेन' कॉमिक्समधला प्रोफेसर एक्स म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग आणि त्याचा शत्रू मॅग्नेटो म्हणजे माल्कम एक्स, हे सर्रास सांगितलं जातं. 1963 च्या अंकांत तसं काही दिसत नाही, मॅग्नेटो तिथे सरधोपट दुष्ट आहे. त्याला ज्यूंच्या संहारातून वाचलेला माणूस केलं ते लेखक ख्रिस क्लेअरमॉन्टने, 1981 मध्ये. 2000 चा सिनेमा छळछावणीच्या फाटकापाशी सुरू होतो तो क्लेअरमॉन्टमुळे. ब्लॅक पँथर हे पात्र जुलै 1966 चं, आणि त्याच नावाचा राजकीय पक्ष त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचा. लोक क्रम उलटा सांगतात.

आणि आता बिल फिंगर. सिगेल आणि शूस्टर यांनी सुपरमॅनचे सगळे हक्क 13 पानांच्या पहिल्या गोष्टीसकट 130 डॉलरला दिले. 1978 च्या सिनेमाची जुळवाजुळव चालू असताना दोघं हलाखीत होते, शूस्टरची नजर जवळजवळ गेली होती. नील ॲडम्स, जेरी रॉबिन्सन अशा चित्रकारांनी आवाज उठवला, तेव्हा डिसेंबर 1975 मध्ये त्यांना वर्षाला 20,000 डॉलर आणि नाव मिळालं. फिंगरसाठी असं कुणी वेळेत उभं राहिलं नाही. केनच्या करारात फक्त केनचं नाव होतं. फिंगर वह्या ठेवायचा, दिसेल ती चमत्कारिक गोष्ट त्यात टिपायचा, त्यातून गोष्टी काढायचा. 1974 च्या जानेवारीत तो गेला, गरिबीत. त्याचं नाव बॅटमॅनच्या श्रेयनामावलीत यायला 2015 साल उजाडलं, मार्क टायलर नोबलमन या लेखकाच्या आणि फिंगरच्या नातीच्या चिकाटीमुळे.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये पो पार्क नावाची छोटी बाग आहे, लेखक एडगर ॲलन पोचं जुनं घर तिथे जपून ठेवलंय. केन आणि फिंगर तिथल्या बाकांवर बसून गोष्टी ठरवायचे. डिसेंबर 2017 मध्ये त्या बागेजवळच्या चौकात रस्त्याच्या खांबावर एक हिरवी पाटी लागली. तिच्यावर लिहिलंय: बिल फिंगर वे.